व्हायोलिन कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण कसे पारखावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्वनिमुद्रण पारखायचे म्हणजे नेमके काय पारखायचे?

कॉन्चेर्टो म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली, सहसा तीन भागांची रचना. तिच्या मुद्रणात किमान चार जणांचे काम एकावर एक चढलेले असते. रचनाकाराने ते लिहिलेले असते, एकलवादकाने वाजवलेले असते, कंडक्टर आणि वाद्यवृंद यांनी उभे केलेले असते आणि तंत्रज्ञांनी टिपून, निवडून, जुळवलेले असते. श्रोत्याच्या कानावर मात्र हे सारे एकजीव होऊन येते आणि घोटाळा तिथेच होतो. ‘व्हायोलिनचा आवाज किती भरदार आहे’ हे कौतुक वादकाच्या गजाचे असू शकते, त्याच्या वाद्याचे असू शकते किंवा मायक्रोफोन कोठे टांगला होता याचेही असू शकते. पारखणे म्हणजे श्रेय आणि दोष ज्याचे त्याच्या पदरात घालणे.

त्यासाठी या पानावर एक भूमिका सुरुवातीपासून घेतली आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे तिच्यातूनच निघतात. व्हायोलिन जिथे मिरवते तिथे नव्हे, तर जिथे ते मागे सरून दुसऱ्या वाद्याला साथ देते तिथे कॉन्चेर्टोचे मुद्रण आधी तपासावे. अवघड ताना आज मुद्रणापर्यंत पोहोचलेला जवळजवळ प्रत्येक वादक वाजवतो. साथ सगळ्यांनाच करता येत नाही.

स्वरलिपी वाचता येत नसेल तर मत देता येईल का?

देता येईल. सूर ढळला, लय ओढली गेली, ओबो हे फुंकवाद्य झाकले गेले, हे कानाला कळते. स्वरलिपी लागते ती ‘असे लिहिले आहे का’ हा प्रश्न पडल्यावर, कारण वादकाने स्वतःच्या मनाने घेतलेला विसावा आणि रचनाकाराने मागितलेला विसावा यांतला फरक नुसते ऐकून सांगता येत नाही. ज्यांना ती वाचता येते त्यांनी मात्र पहिल्या ऐकण्यात ती मिटून ठेवावी. पान समोर असले की डोळा कानाला फसवतो. मुद्रणात न उमटलेला फ्लूट छापील ओळीत दिसतो म्हणून तो ऐकू आल्याचा भास होतो.

किती वेळा ऐकावे आणि कोठून सुरुवात करावी?

तीन वेळा ऐकणे हा माझा नेम आहे. पहिल्यांदा काहीही न टिपता सलग, दुसऱ्यांदा एकलवादकाच्या मागोमाग, आणि तिसऱ्यांदा त्याच्याकडे हट्टाने दुर्लक्ष करून, म्हणजे ‘बसून’ नावाचे खर्जातले फुंकवाद्य, चेलो किंवा हॉर्न यांपैकी एकाचे बोट धरून. तिसऱ्या ऐकण्यात अनेक नावाजलेली मुद्रणे उघडी पडतात आणि काही दुर्लक्षित मुद्रणे वर येतात.

वेळ थोडा असेल तर लोक आरंभीची तीन मिनिटे ऐकतात. बेटहोवनच्या डी मेजर (डी हा आधारस्वर असलेल्या) कॉन्चेर्टोत या सवयीचा उपयोग नाही, कारण तिथे पहिली ८८ मापे (तालाची छोटी आवर्तने) वाद्यवृंदाचीच आहेत आणि एकलवादक साधारण तीन मिनिटांनी प्रवेश करतो. मी स्वतः पुष्कळ दिवस ती तीन मिनिटे ‘प्रस्तावना’ समजून कानाआड करीत असे. तो आळस होता. त्या मुद्रणाच्या चाचणीसाठी एकच जागा निवडायची झाल्यास पहिल्या भागातील कॅडेन्झा (वाद्यवृंद सहसा थांबतो आणि एकलवादक एकटा वाजवतो ती जागा) संपल्यानंतरची मिनिटे निवडावीत. सगळी कसरत आटोपून व्हायोलिन तिथे खालच्या दोन तारांवर, गजाशिवाय छेडलेल्या तारांच्या साथीवर, तेच साधे दुसरे गीत, म्हणजे त्या भागाची दुसरी मुख्य सुरावट, अगदी मृदूपणे म्हणते. कॅडेन्झाच्या जोशात राहिलेला वादक तिथे लगेच सापडतो. ज्याने गजावरचा भार खरोखर उतरवला आहे, त्याचा पहिला स्वरच वेगळा लागतो.

सूर बरोबर लागला आहे हे कसे ओळखावे?

व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे प्रत्येक स्वराची जागा बोट ठरवते आणि ती जागा संदर्भानुसार किंचित सरकते. पियानोच्या समान स्वरांतराशी तंतोतंत न जुळणे म्हणजे बेसूर असणे नव्हे. पुष्कळ वादक षड्जाकडे झेपावणारा स्वर मुद्दाम थोडा चढा लावतात, आणि तो तसा लागला की सुरावटीला पुढे ओढ मिळते. तोच चढा स्वर दोन तारा एकत्र वाजवताना, विशेषतः तिसऱ्या स्वराच्या जोडीत, कडवट वाटतो. म्हणून चांगला वादक एकाच स्वराची जागा एकेरी सुरावटीत एक आणि जोडस्वरांत दुसरी ठेवतो. ब्रुखच्या जी मायनर कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागाचे मुख्य गीतच जोडस्वरांत आहे. तिथे हा हिशेब चटकन तपासता येतो.

दुसरी खूण अनुनादाची आहे. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई अशा असतात, आणि यांपैकी एखादा स्वर वेगळ्या सप्तकात नेमका लागला की न छेडलेली तारही सहकंपनाने बोलते. आवाज एकदम उघडतो, त्याला मागून उजेड मिळाल्यासारखा होतो. बेटहोवन, ब्राम्स आणि चायकोव्हस्की या तिघांनीही आपल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोसाठी डी मेजरच निवडले, त्यामागे हा अनुनादही असावा. मुद्रणात डी आणि ए हे स्वर इतरांपेक्षा अधिक घुमत नसतील तर एक तर बोट जागेवर नाही किंवा मुद्रणस्थळ इतके कोरडे आहे की घुमारा टिकत नाही. कोणते कारण खरे, हे वाद्यवृंदाच्या आवाजावरून ठरवावे.

काही एकलवादक वाद्यवृंदातून उठून दिसण्यासाठी आपले वाद्य केसभर चढे लावतात. प्रसंगी ते खपते, पण ओबो किंवा क्लॅरिनेटबरोबर एकाच सुरात यावे लागते तेव्हा ती युक्ती अंगाशी येते. इथेही साथीच्या जागा ऐकाव्यात.

एखादा स्वर सरळ चुकला असेल तर?

टिपून ठेवावे आणि पुढे ऐकावे. एक निसटलेला स्वर आणि सतत ढळणारा सूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी मुद्रण बाद करणारा परीक्षक बहुधा मोजता येईल तेवढेच ऐकत असतो.

व्हायब्राटो आणि मींड यांचे योग्य प्रमाण कोणते?

व्हायब्राटो म्हणजे तारेवरचे बोट हलवून स्वराला दिलेला कंप. त्याचे प्रमाण काळाबरोबर बदलत गेले आहे, त्यामुळे एका पिढीचा मापदंड दुसरीला लावू नये. योझेफ योआखिम याने १९०३ साली केलेल्या मोजक्या मुद्रणांत व्हायब्राटो अगदी जपून वापरलेला ऐकू येतो. फ्रिट्झ क्राइस्लरच्या वादनात तो जवळजवळ अखंड आहे आणि विसाव्या शतकातील बहुसंख्य वादक क्राइस्लरच्या वाटेने गेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर ऐकू येईल असे घसरत जाणे, ज्याला आपल्याकडे मींड म्हणतात, ते शतकाच्या पूर्वार्धात सर्रास होते आणि उत्तरार्धात हळूहळू विरळ झाले.

प्रमाणापेक्षा विविधता पाहावी. पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत व्हायब्राटो त्याच वेगाचा आणि त्याच रुंदीचा असेल तर ती केवळ सवय ठरते. सिबेलियसच्या डी मायनर कॉन्चेर्टोचा आरंभ यासाठी पाहण्याजोगा आहे. विभागलेली आणि आवाज दाबलेली व्हायोलिने अतिशय हळू थरथरत असतात आणि त्यांच्यावर एकल व्हायोलिन प्रवेश करते. पहिला लांब स्वर जवळजवळ निष्कंप लावून नंतर त्यात हळूहळू प्राण भरणारा वादक आणि पहिल्या क्षणापासून ऊब ओतणारा वादक यांच्यात संपूर्ण रचनेच्या कल्पनेचाच फरक असतो. मला पहिला पक्ष जवळचा वाटतो, तरी जिनेट नेव्हूचे १९४५ चे मुद्रण ऐकताना हा पक्षपात विसरायला होतो.

जलद वादन चांगले की संथ? मिनिटे पाहून काही ठरवता येते का?

मिनिटे पाहून संशय घ्यावा, निकाल देऊ नये. एकूण कालावधी ही सरासरी असते आणि ती आतले चढउतार लपवते. बेटहोवनच्या पहिल्या भागाला सामान्यपणे चोवीस मिनिटांच्या आसपास वेळ लागतो, पण दोन मुद्रणांचा कालावधी सारखा असूनही एकात लय स्थिर असते आणि दुसऱ्यात ती दर पानाला बदलते. शिवाय कॅडेन्झाची लांबी वेगवेगळी असल्याने मिनिटांची तुलना मुळातच लंगडी ठरते.

खरा प्रश्न असा असतो की लय कोणाच्या हाती आहे. या भागाच्या मधोमध जी मायनरमध्ये एक अतिशय हळवा प्रसंग येतो. एकल व्हायोलिन नवेच काही गुणगुणते, बसून त्याला सोबत करतो, आणि आरंभी टिंपनीने, म्हणजे वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांनी, वाजवलेले ठोके इतर वाद्यांत दबक्या आवाजात चालूच राहतात. बहुतेक वादक इथे लय उतरवतात आणि थोडी उतरवली तर बिघडत नाही. मात्र ती इतकी उतरली की मागचे ठोके ठोके न राहता सुटे सुटे स्वर वाटू लागले, तर रचनेचा कणाच मोडतो, कारण हे ठोके म्हणजे या भागाचे पहिले वाक्य आहे. त्या जागी व्हायोलिनकडे न ऐकता ठोक्यांकडे ऐकावे. ते चालत असतील तर व्हायोलिनने कितीही सैल गावे.

लयीचा भास सभागृहावरही अवलंबून असतो. घुमारा सुमारे दोन सेकंद टिकणाऱ्या सभागृहात संथ लय भरलेली वाटते, आणि कोरड्या खोलीत तीच लय रिकामी वाटते. व्हायोलिनवादक यशा हायफेट्झ आणि कंडक्टर आर्तुरो तोस्कानिनी यांचे १९४० चे बेटहोवन न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ८-एचमध्ये मुद्रित झाले. तो स्टुडिओ त्याच्या कोरड्या आवाजासाठीच प्रसिद्ध होता. ते वादन ‘कठोर’ आहे असे लिहिण्यापूर्वी त्यातला किती कठोरपणा भिंतींचा आहे हे स्वतःला विचारावे. उरलेला मात्र नक्कीच त्या दोघांचा आहे, आणि मला तो आवडतो.

एकलवादकाचे मुद्रण असताना वाद्यवृंदाकडे इतके लक्ष का द्यावे?

कारण रचनाकारांनी दिले आहे. ब्राम्सच्या कॉन्चेर्टोतला संथ भाग ओबोच्या दीर्घ गीताने सुरू होतो. एकलवादक तोवर नुसता उभा असतो आणि नंतर तेच गीत नक्षी काढून म्हणतो. व्हायोलिनवादक पाब्लो दे सारासाते याने त्या भागातली एकमेव सुरावट ओबोने वाजवावी आणि आपण हातात व्हायोलिन धरून ऐकत राहावे हे आपल्याला मान्य नाही अशा अर्थाची तक्रार केल्याचे सांगितले जाते. तक्रार गमतीची असली तरी तिच्यातून परीक्षकाला कसोटी मिळते. चांगल्या मुद्रणात व्हायोलिनने ओबोकडून ते गीत ऐकून घेतलेले असते. ओबोने जिथे श्वास घेतला, जिथे स्वर फुलवला, त्याची स्मृती व्हायोलिनच्या नक्षीत उमटते. वाईट मुद्रणात ओबो एक गोष्ट सांगतो आणि व्हायोलिन दुसरीच, जणू तोवर वादक बाहेर जाऊन आला.

मेंडेल्सनच्या ई मायनर कॉन्चेर्टोत तर ही भूमिका लेखणीनेच पालटली आहे. पहिल्या भागातील दुसरे गीत क्लॅरिनेट आणि फ्लूट यांच्याकडे आहे आणि त्या वेळी एकल व्हायोलिन आपली सर्वांत खालची मोकळी जी तार लांबवत राहते. ज्याच्या नावावर कार्यक्रम आहे तोच इथे खर्ज धरून बसतो. मोकळ्या तारेवर बोट नसल्यामुळे तिला नेहमीसारखा व्हायब्राटोही देता येत नाही. फक्त गज उरतो. ही जी किती स्थिर आहे, किती हलकी आहे, फ्लूटखाली ती गालिच्यासारखी पसरते की घरघरते, हे ऐकल्यावर वादकाच्या गजाविषयी जेवढे कळते तेवढे शेवटच्या भागातल्या चपळाईतून कळत नाही. त्याच भागात कॅडेन्झाच्या अखेरीस व्हायोलिन उड्या मारणाऱ्या गजाने चारही तारांवरून झरझर फिरत असते आणि त्याच वेळी वाद्यवृंद मुख्य गीत पुन्हा सुरू करतो. त्या क्षणी व्हायोलिन नायकाचा साथीदार होते. तो बदल ऐकू आला पाहिजे. व्हायोलिन तेवढ्याच जोरात राहिले आणि गीत त्याच्या मागून कोठून तरी आले, तर दोष वादकाचा, कंडक्टरचा किंवा ध्वनिमिश्रण करणाऱ्याचा आहे. कोणाचा ते ठरवण्यासाठी त्याच मुद्रणातील इतर जागांशी ताडून पाहावे.

बेटहोवनच्या आरंभाकडे परत जाऊ. टिंपनीचे एकट्याचे चार ठोके पडतात, पाचव्यावर ओबो, क्लॅरिनेट आणि बसून गीत उचलतात, आणि दहाव्या मापात पहिली व्हायोलिने त्याच ठोक्यांच्या लयीत डी शार्प हा परका स्वर हळूच वाजवतात. नुकताच डी मनात ठसलेला असल्याने तो अर्धा स्वर चढा स्वर श्रोत्याला किंचित दचकवतो. कंडक्टरने तो सहज उरकला की पुढच्या चाळीस मिनिटांचा अंदाज येतो. मी हे टिपणवहीत नेहमी पहिल्या ओळीत लिहितो, एकलवादकाच्या नावाच्याही आधी.

कॅडेन्झा कोणाची आहे हे महत्त्वाचे आहे का?

आहे, आणि मुद्रणाच्या माहितीपत्रकात ते आधी पाहावे. बेटहोवनने व्हायोलिनसाठी या कॉन्चेर्टोची कॅडेन्झा लिहून ठेवली नाही. याच रचनेच्या स्वतः केलेल्या पियानो रूपासाठी मात्र लिहिली, आणि तिच्यात पियानोबरोबर टिंपनीही वाजते. वोल्फगांग श्नायडरहान याने ती व्हायोलिनसाठी बदलून घेतली. योआखिम आणि क्राइस्लर यांच्या कॅडेन्झा अधिक रूढ आहेत. क्राइस्लरच्या कॅडेन्झात दोन गीते एकाच वेळी एका व्हायोलिनवर वाजतात, तेव्हा दोन्ही ओळी स्वतंत्र ऐकू येतात का ते पाहावे. गिडोन क्रेमरने आल्फ्रेड श्निट्केची कॅडेन्झा वाजवली आणि तिच्यात नंतरच्या शतकातील कॉन्चेर्टोंचे पडसाद आहेत. तिच्यावरून पुष्कळ वाद झाले. ती नको वाटली तर तसे सांगावे, पण तो आक्षेप निवडीवर आहे, वादनावर नाही, हे वाक्यात स्पष्ट असावे.

मेंडेल्सन, चायकोव्हस्की आणि सिबेलियस यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण कॅडेन्झा रचनेतच लिहिलेली आहे.

एकाच रचनेच्या दोन मुद्रणांत काही मापे कमीजास्त का आढळतात?

चायकोव्हस्कीची रचना १८७८ ची; ती आधी लिओपोल्ड आवर याला अर्पण होती, पण तिचे पहिले वादन आडोल्फ ब्रोड्स्कीने १८८१ साली व्हिएन्नात केले. आवरने पुढे ती वाजवली आणि शिकवली, तेव्हा शेवटच्या भागातील पुनरुक्तीच्या जागा कापल्या. त्याच्या शिष्यांमुळे आणि त्याच्या आवृत्तीमुळे ही काटछाट विसाव्या शतकातील कित्येक मुद्रणांत आढळते. ती ऐकून वादकाची विसरभोळी चूक समजू नये, पण मूळ पाठ वाजवणाऱ्याला जास्तीचे श्रेयही देऊ नये. पुनरुक्ती कंटाळवाणी न होऊ देणे हे पुढचे काम आहे.

सिबेलियसच्या रचनेचे दोन पाठच आहेत. १९०४ साली हेलसिंकीत वाजलेले रूप त्याने मागे घेतले आणि १९०५ साली सुधारलेले रूप बर्लिनमध्ये रिखार्ड श्ट्राउस याच्या संचालनाखाली वाजले. आज सर्वत्र ऐकू येते ते सुधारित रूप. पहिले रूप लिओनिदास काव्हाकोस आणि ओस्मो व्हॅन्स्का यांच्या मुद्रणात ऐकता येते. ते तुलनेत लांबट आहे आणि रचनाकाराची कात्री कोठे चालली हे त्यावरून समजते.

व्हायोलिन वाद्यवृंदापेक्षा मोठे ऐकू येते. हा दोष मानावा का?

सभागृहात एक व्हायोलिन पन्नास-साठ वाद्यांपेक्षा मोठे असू शकत नाही, तरी बहुसंख्य मुद्रणांत ते असते, कारण एकलवादकासाठी वेगळा मायक्रोफोन जवळ ठेवलेला असतो. थोडी जवळीक क्षम्य आहे. घरी ऐकणाऱ्याला वादक दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांचे काम कानाला करावे लागते. मर्यादा ओलांडली गेली आहे हे तीन गोष्टींवरून कळते. हळू वाजवलेला स्वर आणि जोरात वाजवलेला स्वर सारख्याच अंतरावरून येतात. गजाची खरखर आणि वादकाचा श्वास वाद्यवृंदाच्या भर गर्जनेतही सुटा ऐकू येतो. आणि एकल फ्लूट किंवा क्लॅरिनेट व्हायोलिनशी बोलू लागले की ते दुसऱ्या खोलीत असल्यासारखे वाटतात. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत घातक आहे, कारण ती संवादच संपवते.

अशा मुद्रणाबद्दल ‘वादक सौम्य वाजवत नाही’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. त्याने कदाचित फार सौम्य वाजवले असेल आणि ते नंतर कोणीतरी वर उचलले असेल. सौम्यपणा आवाजाच्या पातळीवरून न ओळखता रंगावरून ओळखावा. गज हलका असताना स्वरातला वरचा झगझगीतपणा कमी होतो आणि तो ध्वनिमिश्रणात वाढवला तरी परत येत नाही.

तुकडे जोडून केलेले मुद्रण ही फसवणूक नाही का?

चुंबकीय फीत वापरात आल्यापासून तुकडे जोडणे हा मुद्रणाचा नेहमीचा भाग आहे, आणि ‘प्रत्यक्ष मैफलीतील’ असे छापलेली मुद्रणेही पुष्कळदा दोन-तीन रात्रींच्या वादनांतून आणि नंतरच्या दुरुस्तीच्या सत्रातून बेतलेली असतात. मला जोडकामाचा राग नाही. मात्र त्याच्या खुणा शोधाव्यात. दीर्घ वाक्याच्या मध्येच खोलीचा घुमारा बदलणे, थकव्याची चाहूल न लागता प्रत्येक अवघड जागा सारख्याच ताजेपणाने येणे, चढत गेलेला ताण एकाएकी शून्यावर येणे, या त्या खुणा होत. शेवटची खूण खरोखर सांगीतिक आहे, कारण चाळीस मिनिटांचा आलेख एका दमात आखलेला असतो आणि तुकड्यांत तो हरवतो.

जुनी, खरखरणारी मुद्रणे आजच्या मापाने तपासावीत का?

वादन तपासावे, आवाज तपासू नये, आणि मध्ये यंत्र काय करीत होते ते माहीत असावे. ७८ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटेच मावत. बेटहोवनच्या संपूर्ण कॉन्चेर्टोला दहाच्या आसपास बाजू लागत, आणि वादकाला दर चार मिनिटांनी थांबून पुन्हा तोच सूर आणि तीच लय पकडावी लागे. त्या काळातील मुद्रणात एखाद्या जागी अनपेक्षित विसावा आढळला तर तिथे तबकडी संपत होती का, हे आधी पाहावे.

दुसरी बाब वेगाची. सर्व तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांना मुद्रित होत नसत. ७४ फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी पुढे ७८ ला वाजवून रूपांतरित केली तर सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो आणि चोवीस मिनिटांचा भाग सुमारे सव्वा मिनिटाने आखूड होतो. वादकाच्या ‘तेजस्वी स्वरा’चे आणि ‘धाडसी लयी’चे कौतुक करण्याआधी ट्यूनरवर (सूर मोजण्याच्या साधनावर) ए स्वर तपासून घ्यावा.

क्राइस्लरने बेटहोवन दोनदा मुद्रित केले, १९२६ साली बर्लिनमध्ये लिओ ब्लेखबरोबर आणि १९३६ साली लंडनमध्ये जॉन बार्बिरोलीबरोबर. वादक तोच, रचना तीच, कॅडेन्झाही त्याचीच. वादक, कंडक्टर आणि यंत्र यांचा वाटा वेगळा काढण्याचा सराव करायचा असेल तर याहून सोयीची जोडी मला माहीत नाही. मला स्वतःला जुन्या मुद्रणातला गज अधिक मोकळा वाटतो.

आवाज फारच वाईट असेल तर? आल्बान बेर्गचा कॉन्चेर्टो लुई क्रास्नरने १ मे १९३६ रोजी लंडनमध्ये आंटोन वेबेर्नच्या संचालनाखाली वाजवला. रचनाकाराच्या मृत्यूला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. त्या प्रसारणाचे जे मुद्रण वाचले आहे त्यात तपशील पुसट आहेत, पण लयीचा श्वास आणि वाक्यांची घडण स्पष्ट कळते. तेवढ्यावर तेवढेच मत द्यावे.

रचनाकाराने स्वतः संचालन केलेले मुद्रण प्रमाण मानावे का?

साक्ष म्हणून त्याचे मोल मोठे आहे, निकाल म्हणून नाही. एल्गारने आपला कॉन्चेर्टो १९३२ साली सोळा वर्षांच्या येहुदी मेन्युइनबरोबर मुद्रित केला तेव्हा तो पंचाहत्तरीत होता. त्याआधी तीन वर्षे अल्बर्ट सॅमन्स आणि हेन्री वुड यांनी केलेले मुद्रण बरेच चपळ आहे आणि तेही आपल्या जागी पटते. शेवटच्या भागातील कॅडेन्झाला वाद्यवृंदाची साथ आहे, आणि तंतुवाद्ये तारा छेडून एक मंद झंकार उठवत राहतात. दोन्ही मुद्रणांत त्या झंकाराकडे ऐकावे आणि मग कोणते अधिक पटते ते ठरवावे.

जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरील मुद्रणांना वेगळे निकष लावावेत का?

काही बाबतींत लावावेत. आतड्याच्या तारा, हलका गज आणि खाली उतरवलेला सूर यांमुळे आवाज लहान आणि उच्चार स्पष्ट होतो. बाखसाठी ए हा स्वर ४१५ हर्ट्झला लावण्याची प्रथा रूढ आहे, तर आजचे वाद्यवृंद ४४० किंवा त्याहून थोडे वर असतात. आवाज मोठा नाही हा तिथे आक्षेप होऊ शकत नाही. वाक्य निर्जीव आहे हा मात्र सर्वत्र आक्षेप आहे.

कोणत्या साधनावर ऐकावे?

ज्याच्या खोड्या तुम्हाला ठाऊक आहेत अशा साधनावर, आणि शक्यतो एकदा स्पीकरवर व एकदा हेडफोनवर. स्पीकरवर अंतर कळते, हेडफोनवर जोडकाम कळते.

दोन मुद्रणांची तुलना करताना कोणती चूक सर्वाधिक होते?

आवाजाची पातळी समान न करणे. किंचित मोठ्याने वाजणारे मुद्रण जवळजवळ नेहमीच अधिक जिवंत भासते, आणि श्रोता त्याला वादकाचा आवेश समजतो. दोन्हींत पूर्ण वाद्यवृंद वाजत असलेली एकच जागा घेऊन पातळी जुळवावी, मग एकलवादकाकडे वळावे. त्यानंतरची चूक म्हणजे फक्त ठळक जागांची तुलना. अर्धा-अर्धा मिनिट आलटून पालटून ऐकल्यास रंग कळतो, पण बांधणी कळत नाही. बांधणीसाठी निदान एक पूर्ण भाग सलग ऐकावा आणि दुसरे मुद्रण दुसऱ्या दिवशी घ्यावे.

गुण किंवा तारे द्यावेत का?

मी देत नाही. द्यायचेच असतील तर वादन, वाद्यवृंद आणि ध्वनी यांना वेगवेगळे द्यावेत. तिन्हींची बेरीज केली की पहिल्या उत्तरात वेगळे काढलेले सगळे पुन्हा एकत्र होते. लिहिताना प्रत्येक मताला एक जागा जोडावी. ‘साथीची जाण नाही’ एवढ्याने वाचकाला काही कळत नाही. ‘मेंडेल्सनच्या पहिल्या भागात क्लॅरिनेट गात असताना खालची जी फुगत जाते’ असे लिहिले तर वाचक ती जागा लावून पाहू शकतो आणि तुमच्याशी भांडूही शकतो.

पुन्हा ऐकल्यावर मत बदलले तर आधीचे टिपण काढून टाकावे का?

काढू नये. तारीख घालून नवे टिपण त्याखाली लिहावे आणि मधल्या काळात काय बदलले तेही नोंदवावे, म्हणजे साधन, मुद्रणाची आवृत्ती किंवा दरम्यान ऐकलेली दुसरी मुद्रणे. माझ्या वहीत ब्राम्सच्या एका मुद्रणाखाली चार नोंदी आहेत. पहिल्या तिन्हींत व्हायोलिनची स्तुती आहे, आणि चौथीत प्रथमच ओबोवादकाचे नाव शोधल्याची नोंद आहे. ते माहितीपत्रकात छापलेले नव्हते.